फणसाड अभयारण्यात पायी फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काशीदच्या वाळूत उभं राहून समुद्राकडे पाठ केली की समोर हिरव्या डोंगरांची रांग दिसते. किनाऱ्यावर येणारी बहुतेक मंडळी त्या रांगेकडे एकदा बघतात आणि पुन्हा लाटांकडे वळतात. ती रांग म्हणजे फणसाड वन्यजीव अभयारण्य. या भागातल्या जंगलात नेहमी हिंडणाऱ्या आम्हा मंडळींना तिथे चालायला येणारे लोक पुन्हा पुन्हा काही गोष्टी विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

फणसाड नेमकं आहे कुठे?

रायगड जिल्ह्यात, मुख्यतः मुरुड आणि रोहा या तालुक्यांत. क्षेत्रफळ सुमारे ५४ चौरस किलोमीटर. १९८६ साली या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याआधी, संस्थानी काळात, हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीसाठी राखलेलं रान होतं. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं आणि जंगल सरकारकडे आलं. पश्चिमेला काशीद, नांदगाव, मुरुड ही किनाऱ्यावरची गावं, पूर्वेला रोह्याकडचे डोंगर आणि मधे हे जंगल, असा साधारण नकाशा डोळ्यांसमोर ठेवा.

मुंबई-पुण्याहून कसं यायचं?

मुंबईहून वडखळ, अलिबाग, रेवदंडा असा रस्ता. रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव. तिथून किनाऱ्याचा रस्ता कोर्लई, काशीद, नांदगाव करत मुरुडला जातो. अभयारण्याचं प्रवेशद्वार मात्र किनाऱ्यावर नाही, आतल्या बाजूला सुपेगावला आहे. काशीदला पोहोचून मग गेट शोधत फिरणारे बरेच जण भेटतात, म्हणून हे आधीच सांगतो. मुंबईपासून अंतर साधारण दीडशे किलोमीटर धरा. शनिवारी सकाळी वडखळ-अलिबाग पट्ट्यात गाड्यांची रांग लागते, तेव्हा पहाटे निघालात तरच चालण्याची वेळ हाती राहील.

गेटवेहून मांडव्याला लाँचने येऊन पुढे अलिबागमार्गे एसटी किंवा रिक्षा, हाही एक चांगला पर्याय आहे. पण गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. रेल्वेने येणाऱ्यांसाठी रोहा हे सोयीचं स्टेशन. रोह्याहून मुरुडकडे डोंगरातून येणारा रस्ता आहे आणि तो किनाऱ्याच्या रस्त्याइतकाच देखणा आहे. सुपेगावच्या दारापर्यंत एसटीच्या फेऱ्या मोजक्याच. परतीची गाडी ठरवूनच आत शिरा.

आत गेल्यावर समुद्र खरंच दिसतो का?

दिसतो, पण लगेच नाही आणि सगळीकडून नाही. गाडीतून उतरल्यावर चार पावलांत कठड्याशी उभं राहून बघायचा समुद्र हवा असेल, तर फणसाड त्यासाठी नाही. इथे आधी गच्च झाडीतून चालावं लागतं. डोक्यावर ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांची दाट सावली असते. तासभर त्या सावलीत गेलेला असतो आणि मग वाट एकदम एखाद्या उघड्या माळावर निघते. गुण्याचा माळ त्यासाठी ओळखीचा आहे. पायाखाली जांभा, गुडघाभर वाळकं गवत आणि पश्चिमेला खाली थेट अरबी समुद्र. आधीच्या तासाभराच्या काळोख्या झाडीमुळेच तो उजेड इतका मोठा वाटतो. आमच्या मते फणसाडचं खरं देखणेपण या अदलाबदलीत आहे. केवळ माळापर्यंत धावत जाऊन फोटो काढणाऱ्याला ते अर्धंच मिळतं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि समोरचं पाणी, किनारा, होड्या स्वच्छ दिसतात. दुपारनंतर तेच ऊन डोळ्यांवर येतं आणि पाणी नुसतं चकाकतं. आणि महिन्याचाही फरक पडतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा धुतलेली असते, क्षितिज रेघ मारल्यासारखं दिसतं, पण झाडी दाट असल्याने मोकळा माळ गाठेपर्यंत काही दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेली असते, त्यामुळे वाटेतही फांद्यांमधून निळं पाणी डोकावतं. मात्र तेव्हा हवेत धूसरपणा असतो. एप्रिल-मे महिन्यांत क्षितिज आणि आकाश यांतली सीमाच पुसट होते.

'गाण' हा शब्द सारखा ऐकू येतो. ती काय असते?

जंगलातली पाण्याची जागा. झरा, डबकं, ओढ्यातला डोह, जिथे उन्हाळ्यातही पाणी टिकतं ती गाण. चिखलगाण, धरण्याची गाण, फणसाडची गाण अशी त्यांची नावं आहेत आणि स्थानिक माणूस वाट सांगताना याच खुणांनी सांगतो.

फणसाड समजून घ्यायचं असेल तर डोंगराच्या नकाशाआधी या गाणींचा नकाशा समजून घ्यावा. कोकणात पावसाळ्याचे चार महिने पाण्याला तोटा नसतो, पण जमीन उताराची आणि जांभ्या-कातळाची. पाणी ओढ्यांनी भराभर समुद्राला जाऊन मिळतं. मार्च उजाडेपर्यंत बहुतेक ओढे कोरडे पडतात आणि सगळं जंगल या मोजक्या गाणींच्या भोवती गोळा होतं. सांबर, भेकर, रानडुक्कर, वानरं, मुंगूस, असंख्य पक्षी आणि या सगळ्यांच्या मागावर बिबट्या. काठावरचा ओला चिखल बारकाईने बघितला की रात्रभरात कोण कोण येऊन गेलं ते कळतं. सांबराचा खूर मोठा आणि खोल उमटलेला असतो, भेकराचा त्याच्या निम्म्याहून लहान. रानडुकरांनी मुसंडीने उकरलेली माती अजून ओली असते. कधी एखाद्या कडेला बिबट्याचा गोल पंजा, नखं न उमटलेला. कुत्र्याच्या पावलात नखं दिसतात, बिबट्याच्या दिसत नाहीत.

म्हणूनच गाणीजवळ थांबण्याचे नियम कडक पाळा. पाण्यात उतरू नका, हात-तोंड धुऊ नका, साबणाचं तर नावही नको. अगदी काठावर डबे उघडून बसू नका. तुम्ही अर्धा तास तिथे बसलात की तेवढा वेळ तहानलेलं जनावर आत झाडीत ताटकळत उभं असतं. लपणाची सोय असेल तिथून, वाटाड्या सांगेल तेवढाच वेळ बघा आणि पुढे चला.

किती चालावं लागतं? वाट अवघड आहे का?

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरच्या वाटांसारखी चढण इथे नाही. डोंगर उंचीने लहान, वाटा बऱ्याचशा रुंद, मधेमधे चढ-उतार. दोन-तीन तासांची छोटी फेरीही होते आणि गाणी, माळ करत पूर्ण दिवसाचीही. दमवते ती चढण नव्हे, दमवतो तो दमटपणा. नोव्हेंबरातसुद्धा अकरा वाजल्यानंतर घामाच्या धारा लागतात. त्यामुळे 'सोपी वाट आहे' म्हणून एका बाटलीवर येऊ नका.

चकवा लागतो तो मात्र खरा. ढोरवाटा, लाकूडफाट्याच्या जुन्या वाटा, ओढ्यांच्या वाटा एकमेकांत मिसळतात आणि दाट झाडीत दिशा कळत नाही. समुद्र पश्चिमेला आहे एवढं माहीत असून उपयोग नाही, कारण तो दिसतच नाही.

परवानगी लागते का? वाटाड्या घ्यायलाच हवा का?

प्रवेशद्वारावर नोंद करून, शुल्क भरूनच आत जाता येतं. दर आणि वेळा बदलत असतात, निघण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा. सूर्यास्ताआधी बाहेर पडायचं हे पक्कं धरा. हे अभयारण्य १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. कुठल्याही कोपऱ्यातून शिरणं किंवा विनापरवाना रात्री थांबणं गुन्हा ठरतो.

वाटाड्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: घ्याच. वाट चुकू नये हे कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण वेगळं. आजूबाजूच्या पाड्यांवरची पोरं या जंगलात वाढलेली आहेत. वानर एका विशिष्ट पद्धतीने खाकरलं की ते थबकतात आणि बोटाने गप्प राहायला सांगतात. तुम्हाला नुसती झाडी दिसते, त्यांना फांदीच्या बेचक्यातलं घुबड दिसतं. कुठल्या उंबराला फळ धरलंय, कुठल्या सावरीवर सध्या पक्ष्यांची झुंबड आहे, हे त्यांनाच ठाऊक. शिवाय जंगलात येणाऱ्या माणसाचा पैसा जंगलाशेजारच्या घरात गेला, तर त्या घराला जंगल टिकण्यात रस राहतो. त्यांच्याशी दरावरून घासाघीस करू नका.

कोणत्या महिन्यात यावं?

तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे.

समुद्राचं दृश्य आणि चालण्याचा आनंद हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे गारवा असतो, ओढ्यांत थोडं पाणी असतं, पाहुणे पक्षी आलेले असतात. फुलपाखरांसाठी पाऊस ओसरल्यानंतरचे आठवडे उत्तम. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेली राणी पाकोळी, काळ्या पंखांवर निळे पट्टे मिरवणारी, ओलसर वाटेवर हमखास दिसते. ऊन चढल्यावर, साडेनऊ-दहानंतर, ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर बघा. फुलपाखरं तिथे क्षार शोषायला बसतात.

मार्च-एप्रिलमध्ये जंगल तापतं, पण बघण्यासारखं पुष्कळ असतं. पांगारा, पळस, सावर लाल-केशरी होतात. अंजनीला बहर येतो तेव्हा फांदी ना फांदी जांभळ्या-निळ्या फुलांच्या गुच्छांनी मढते, ते एकदा तरी बघावंच. पानं गळाल्यामुळे आणि पाणी आटल्यामुळे प्राणी दिसण्याची शक्यताही याच काळात जास्त.

पावसाळ्यात जंगल अप्रतिम असतं, मात्र आम्ही नवख्यांना तेव्हा बोलावत नाही. ओढे अचानक फुगतात, जांभ्यावर शेवाळ धरतं, समुद्राच्या जागी पांढरं धुकं असतं आणि वाटा बंदही ठेवल्या जाऊ शकतात. आधी विचारल्याशिवाय येऊ नका.

कुठली झाडं ओळखायला शिकावीत?

चारपाच पुरेत, बाकीची आपोआप येतात. ऐन: साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, एकदा बघितली की विसरत नाही. कांडोळ: उन्हाळ्यात पानं झडल्यावर गुळगुळीत पांढुरकं खोड चांदण्यात उजळून निघतं. अंजनी: लहान चणीची, चिवट, गडद पानांची. आणि गारंबी.

गारंबी हा वेल आहे, पण त्याचं खोड माणसाच्या मांडीएवढं होतं. पिळदार, गाठाळलेलं, एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असं जंगलभर पसरलेलं. शेंगा हातभर लांब आणि त्याहूनही मोठ्या, आत चपट्या तपकिरी गुळगुळीत बिया. या बिया पाण्यावर तरंगतात, ओढ्यांतून समुद्रात जातात आणि दूरच्या किनाऱ्यांना लागतात. मुरुडला पाणी पुरवणाऱ्या धरणाचं नावही गारंबीच. या वेलावर झोके घेण्याचा मोह मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही होतो. कृपा करून घेऊ नका. इतका जाड वेल व्हायला कित्येक दशकं लागतात.

प्राणी दिसतील का? बिबट्या?

बिबट्या या जंगलात आहे. तुम्हाला दिसेल याची शक्यता फार कमी आणि तो तुम्हाला बघेल याची बरीच जास्त. तो दाखवण्याची हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. गटाने चाला, लहान मुलांना पुढे पळू देऊ नका. समोर आलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, त्याच्यावर नजर ठेवून उभ्यानेच हळूहळू मागे सरकायचं आणि त्याची वाट मोकळी ठेवायची.

सांबर आणि भेकर अनेकदा आधी कानांना कळतात. भेकर भुंकल्यासारखं ओरडतं, सांबर एकच खणखणीत आवाज देतं. पिसोरी हरीण, साळिंदर, उदमांजर, खवले मांजर ही निशाचर मंडळी, दिवसा भेट दुर्मिळ.

फणसाडचा खरा मानकरी शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि इथे सकाळी शांतपणे चाललात तर बहुधा दर्शन देतोच. आधी वरून टरकावल्यासारखा कर्कश आवाज येतो. मग शेंड्याची फांदी हलते. नीट बघितलं तर तांबूस-तपकिरी पाठ, पिवळसर पोट आणि अंगाइतकीच किंवा त्याहून लांब झुपकेदार शेपटी फांदीखाली लोंबताना दिसते. मागच्या पायांनी फांदी धरून, उलटं लटकून, पुढच्या दोन हातांत फळ फिरवत तो खातो आणि खाली सालींचा सडा पडतो. वाटेवर ताज्या साली दिसल्या की मान वर करा. एका झाडावरून दुसऱ्यावर तो सहा मीटरपर्यंत झेप घेतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. त्यामुळे झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असणं ही त्याच्या जगण्याची अट आहे. मधलं एक मोठं झाड पडलं तर त्याचा रस्ता तुटतो. फांद्यांच्या टोकाला पानाकाटक्यांची मोठी गोल घरटी दिसतात, ती त्याचीच. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतो.

निसर्ग चक्रीवादळाने जंगलाचं किती नुकसान झालं?

३ जून २०२० रोजी हे वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि मुरुड, रोहा, श्रीवर्धन या तालुक्यांना त्याचा जबर तडाखा बसला. नारळी-पोफळीच्या बागांचं नुकसान सर्वांना दिसलं, कारण त्या रस्त्यालगत होत्या. जंगलातलेही मोठमोठे वृक्ष उन्मळून पडले. आज चालताना डोक्यावर एखादी जागा अचानक मोकळी लागते, तिथे आडवं खोड कुजत पडलेलं असतं आणि भोवती नवी रोपं माजलेली असतात. ती खोडं 'साफ' का केली नाहीत असं काही जण विचारतात. कुजणाऱ्या लाकडात कीटक, बुरशी, सरडे, सुतारपक्ष्यांचं खाद्य असतं. पडलेलं झाडही जंगलाचंच आहे, ते तिथेच राहायला हवं.

गिधाडं अजून आहेत का?

या परिसरात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची नोंद आहे आणि मेलेली गुरं ठरावीक जागी ठेवून त्यांना खाद्य पुरवण्याचे प्रयत्नही इथे झाले. देशभरात ही जात नव्वदच्या दशकापासून जवळजवळ संपली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याचं मुख्य कारण ठरलं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली, पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांवरही. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे संख्या भरून यायला फार वेळ लागतो. माळावर उभे असाल तेव्हा आकाशात गोल घिरट्या घालणाऱ्या मोठ्या पक्ष्यांकडे दुर्बीण लावून बघा. बहुतेक वेळा घार किंवा सर्पगरुड निघेल. घरट्याजवळ नेण्याचा आग्रह मात्र वाटाड्याला करू नका.

सापांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

कोकणातलं जंगल आहे, साप असणारच. माळावरच्या दगडांखाली फुरसं असू शकतं, तेव्हा दगड उलटवू नका आणि न बघता हात टेकू नका. पावसाळ्यात झुडपांवर हिरवा चापडा बसलेला असतो, म्हणून फांद्या धरत चालण्याची सवय सोडा. घोट्यापर्यंतचे बूट आणि पूर्ण पँट घातली की निम्मी चिंता मिटते.

दंश झालाच तर पळापळ नको. आवळून दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, रक्त चोखणं यांतलं काहीही करू नका. अंगठी, कडं काढून ठेवा, हात किंवा पाय स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि सर्पदंशावरची लस असलेलं सरकारी रुग्णालय लवकरात लवकर गाठा. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास जिवावर बेततो.

सापाखेरीज कशाला जपायचं?

आम्ही स्वतः सगळ्यात जास्त जपतो ते आग्या मोहोळाला. उंच झाडांवर आणि कड्यांवर ही पोळी लटकलेली असतात. उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड, ड्रोन, यांतल्या कशानेही माश्या उठू शकतात. उठल्या तर चेहरा कापडाने झाकून सरळ पळत सुटा, गाडी किंवा बंद खोली गाठा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत वाट बघतात. अंगात रुतलेले काटे लगेच खरवडून काढा.

दुसरी खाजकुइली. हिवाळ्यापासून वाटेच्या कडेला वेलांवर तपकिरी-सोनेरी मखमली शेंगांचे घोस दिसतात. सुंदर दिसतात म्हणून हात लावणारा माणूस पुढचे दोन तास खाजवत बसतो. वाऱ्यानेही ती कुसं उडतात. अंगाला लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, कुसं तिला चिकटून निघतात, मग पाण्याने धुवा.

गवतातून चालून आल्यावर मोज्यांच्या कडा आणि गुडघ्यांच्या मागची बाजू गोचिडांसाठी तपासा.

लहान मुलांना, ज्येष्ठांना आणता येईल का?

हो, छोट्या फेरीसाठी जरूर. सकाळी लवकर सुरू करा आणि दहा-साडेदहापर्यंत परत फिरा. मुलांना प्राणी दाखवण्याचं आश्वासन देऊन आणू नका, ती कंटाळतात. त्यांना चिखलातले ठसे, शेकराच्या कुरतडलेल्या फळांच्या साली, कोळ्यांची जाळी, गारंबीच्या शेंगा शोधायला लावा. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठी आणावी, सुक्या पानांवरून उतारावर पाय घसरतो.

सोबत काय आणावं?

माणशी किमान दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. मातकट किंवा हिरव्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, दुर्बीण असेल तर, लिंबू-मीठ-साखर, प्राथमिक उपचारांची पिशवी, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. अत्तर नको. झगझगीत केशरी-पिवळे टीशर्ट गटाने घालून येऊ नका.

मोबाईलला रेंज असते का?

आत भरवसा नाही. घरी वेळ सांगून निघा, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

ड्रोन, स्पीकर, कुत्रा?

तिन्ही नाही. ड्रोनला परवानगीशिवाय बंदी आहे आणि पक्ष्यांना त्याचा फार त्रास होतो. पाळीव कुत्र्यामुळे वन्यप्राण्यांना रोग लागू शकतात आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. स्पीकर हवा असेल तर कृपया दुसरीकडे जा.

जेवणाचं काय? आत पोपटी लावता येईल का?

आत आग पेटवायची नाही, चूल नाही, शेकोटी नाही. थंडीत रायगडात आलात की पोपटी खायलाच हवी, यात शंका नाही: भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मडकं आणि वर जाळ. पण ती एखाद्या शेतावर, गावातल्या माणसाच्या देखरेखीखाली. वाळलेल्या गवताच्या माळावर एक ठिणगी पुरते आणि वारा समुद्राकडून सतत वाहत असतो.

जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर आजूबाजूच्या गावांत घरगुती मिळतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, मिळाली तर ताजी मासळी. प्राण्यांना काहीही खाऊ घालू नका. एकदा बिस्किटाची चव लागलेलं माकड पुढच्या माणसाच्या हातातून ते हिसकावून घेतं.

मुक्काम करता येतो का?

सुपेगावला वनविभागाची राहण्याची सोय आहे, आगाऊ नोंदणी करावी लागते. काशीद, नांदगाव, मुरुडला घरगुती खोल्या भरपूर. आमची पसंती सुपेगावच्या बाजूला, कारण पहाटे सहाला जंगलाच्या तोंडाशी असणं यासारखं सुख नाही. काशीदहून निघालात तर तेवढ्यात तास उलटतो आणि पक्ष्यांची चांगली वेळ निसटते.

बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसता येतं असं ऐकलंय. खरं आहे का?

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या अनेक जंगलांत वनविभाग पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राण्यांची नोंद घेतो, फणसाडमध्येही गाणींवर अशी नोंद होते. तेव्हा पाणी सर्वात कमी आणि चांदणं सर्वात जास्त, असा त्यामागचा हिशेब. नावनोंदणी आधी होते, जागा थोड्या असतात. संध्याकाळी मचाणावर चढायचं आणि सकाळी उतरायचं. मधल्या वेळात बोलणं नाही, विजेरी नाही, धूम्रपान नाही, डासांवरचं उग्र मलम नाही. कित्येक तास काहीच येत नाही. रातकिडे, बेडूक, रातवा यांचे आवाज ऐकत बसायचं. ज्यांना हे जमेल त्यांनीच नाव द्यावं, कारण एका माणसाच्या चुळबुळीने सगळ्यांची रात्र वाया जाते.

सूर्यास्त कुठून बघावा?

जंगलातून नाही, तोपर्यंत तुम्ही बाहेर आलेले असाल. काशीद किंवा नांदगावच्या किनाऱ्यावरून बघा. काशीदला पाण्यात उतरताना सावध राहा. तिथे पाणी लवकर खोल होतं, परतणारी लाट ओढून नेते आणि जिवावर बेतल्याच्या घटना घडल्या आहेत. स्थानिक माणूस नको म्हणाला की नाहीच.

त्याच दिवशी जंजिराही होईल का?

होईल, पण दोन्हींवर अन्याय होईल. जंजिऱ्याला राजपुरीहून होडीने जावं लागतं, सुट्टीच्या दिवशी रांग असते, पावसाळ्यात होड्या बंद. दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी जंगल, दुसऱ्या दिवशी जंजिरा आणि वाटेत कोर्लईचा किल्ला. एकच दिवस असेल तर जंगल निवडा, असं आम्ही सांगू.

जखमी प्राणी, वणवा किंवा शिकारीचं काही संशयास्पद दिसलं तर?

प्राण्याला हात लावू नका, पाणी पाजायला जाऊ नका, भोवती गर्दी करू नका. जागेची खूण लक्षात ठेवा, लांबून एक फोटो घ्या आणि वाटाड्याला सांगा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. तारेचा फास किंवा सापळा दिसला तर तो स्वतः काढायच्या भानगडीत पडू नका. तो पुरावा असतो आणि लावणारा जवळपास असू शकतो. रेंज मिळताच किंवा गेटवर पोहोचताच नेमकी जागा सांगा: कुठल्या गाणीपासून, कुठल्या हाताला, किती अंतरावर.